आसूड

स्मरणिका समितीचं पत्र आलं तेव्हा मी मैदान आखत होते. हात चुन्यानं भरलेले, म्हणून पत्र वाचून दाखवलं ते माझ्याच एका विद्यार्थिनीनं. ‘सुवर्णमहोत्सवानिमित्त माजी विद्यार्थ्यांनी दोन पानांत मनोगत लिहावं.’ चिंचेचं झाड, जिन्याखालची खोली, पंधरा ऑगस्टचे लाडू यांवर बाकीचे लिहितीलच. मी सरांवर लिहिते. कोणते सर, हे सांगायला नको. आपल्या शाळेत गणिताचे सर होते, चित्रकलेचे सर होते. नुसते ‘सर’ एकच होते.

१९९१ साली मी आठवी ‘ब’मध्ये होते. गल्लीत भावांबरोबर क्रिकेट खेळायची, तेही सगळ्यांची बॅटिंग झाल्यावर अंधार पडला नसेल तर. सरांनी ऑफ तासाला मला लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, “उद्या साडेसहाला ये. बूट नसले तरी चालतील.” सॉफ्टबॉल हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. आजीला वाटलं, बॉल मऊ असेल, पोरीला लागणार नाही. तो मऊ नसतो. बारा इंच घेराचा असतो, आणि आपल्या शाळेतले तर जळगावच्या उन्हात वाळून नारळासारखे झालेले होते.

पहिल्याच दिवशी माझ्या बॅटला बॉल लागला. मी धावले ती बॅट घेऊनच. साठ फूट धावत जाऊन पहिल्या बेसवर, म्हणजे धावून गाठायच्या पहिल्या टप्प्यावर, बॅट टेकवली, क्रीजमध्ये टेकवतात तशी! सगळ्या मुली हसल्या. सर हसले नाहीत. म्हणाले, “बॅट तिथंच सोडायची. धावायला पाय लागतात.” आणि पुढचे पंधरा दिवस त्यांनी मला बॉल दाखवला नाही.

क्रिकेट हातातून काढायला तेवढे दिवस लागलेच. क्रिकेटमध्ये बॅट वरून सरळ खाली येते, पुढचं कोपर उंच, पुढचा पाय लांब. इथं सगळं उलटं. पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकवलेले, गुडघे सैल, वजन चवड्यांवर. बॅट तळहातात आवळायची नाही, बोटांत धरायची. दार ठोठावताना जी पेरं लागतात ती दोन्ही हातांची एका ओळीत आली पाहिजेत. सर रोज ओळीनं सगळ्यांची पेरं बघत जायचे, जशी प्राथमिकच्या बाई नखं बघायच्या. बॉल येण्याआधी वजन मागच्या पायावर न्यायचं, मग पुढचं पाऊल वीतभर, तेही अलगद. हनुवटी सुरुवातीला डाव्या खांद्यापाशी, बॅट फिरून झाली की उजव्या खांद्यापाशी. मध्ये डोकं हललं की पुन्हा पहिल्यापासून.

मग भिंत. प्रयोगशाळेच्या मागची. बॅटची मूठ बेंबीला टेकवायची, टोक भिंतीला टेकेल एवढ्या अंतरावर उभं राहायचं आणि भिंतीला न लागू देता बॅट फिरवायची. हात अंगापासून लांब गेले की बॅट खर्रकन भिंतीला घासणार. यासाठी जुन्या लाकडी बॅटी होत्या. अ‍ॅल्युमिनियमची एकच होती आणि तिला हात लावायला नववीत जावं लागायचं. छातीच्या उंचीवर भिंतीचं प्लास्टर आठ-दहा फूट निघालं होतं. त्यातलं निदान फूटभर माझं.

पण मला खरं सांगायचंय ते आसुडाचं.

पोळा होऊन गेला होता. एके सकाळी सर घरून बैलांचा आसूड घेऊन आले. बाकीच्या मुलींना वीस पावलं मागं उभं केलं आणि आसूड माझ्या हातात दिला. “बॅट समज. फिरव. पुढच्या पायाच्या पुढं वाजला पाहिजे.” मी जिवाच्या आकांतानं हात फिरवला. वाजला तर नाहीच, उलट वळून माझ्याच पाठीवर बसला. दुसऱ्यांदा तेच. तीन दिवस तेच. कधी वाजलाच तर माझ्या मागं, कानाशी. सर एवढंच म्हणायचे, “हात गप्प. हात शेवटी.”

तिसऱ्या दिवशी न्हाणीघरात आईनं पाठीवरचे वळ पाहिले. मी काय सांगतेय ते ऐकून घ्यायला ती थांबलीच नाही. शेतावर जायचं सोडून तशीच शाळेत आली, थेट मैदानावर. “माझ्या पोरीला आसुडानं मारता का?” असं जे सुरू झालं ते कार्यालयाच्या खिडकीत शिपाईमामा येऊन उभे राहीपर्यंत. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग आसूड तिच्यासमोर धरला. “ताई, हिला वाजवता येत नाही म्हणून लागतोय. तुम्ही दाखवा.”

आईनं क्षणभर सरांकडं पाहिलं, पदर खोचला आणि आसूड फिरवला. असा वाजला की चिंचेवरचे पोपट उडाले.

“परत एकदा,” सर म्हणाले. आणि मला जवळ ओढून, “हाताकडं बघू नको. आईची कंबर बघ.”

तेव्हा दिसलं. आईचा हात आधी हललाच नव्हता. आधी पाय रोवला गेला, मग कंबर वळली, मग खांदा, आणि हात सगळ्यात शेवटी. हात मध्येच थांबला तसं टोक पुढं निघून गेलं आणि वाजलं. मूठ थांबते तेव्हा टोक पळतं. जड भाग हळू फिरतो आणि थबकतो, त्याचा वेग पुढच्या हलक्या भागाला मिळतो. पायापासून बॅटच्या टोकापर्यंत हीच साखळी. हे मला अमरावतीला बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) करताना पुस्तकात वाचायला मिळालं, तेव्हा मी वर्गात एकटीच हसले होते.

आईनं नंतर सरांना शेतातली काकडी पाठवली. माफी मागितली असं मात्र मला आठवत नाही.

यानंतर टी आली. टी म्हणजे नांगराच्या जुन्या लोखंडी तव्यावर उभी केलेली नळी आणि तिच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा. त्यावर बॉल ठेवायचा, पुढच्या पायाच्या समोर, आणि मारायचा. “कुऱ्हाड नको, विळा,” सर म्हणायचे. वरून तोडायचं नाही, आडवं कापत न्यायचं. क्लबातून फुटकी शटलकॉक आणायचे, गोणीभर. बाजूला उकिडवे बसून एकेक उडवायचे आणि आम्ही काठीनं मारायचो. काठी दीड बोट जाडीची. तिच्यानं शटलकॉक मारता आलं की सव्वादोन इंच जाडीची बॅट म्हणजे फळीच वाटायची.

१९९३ च्या राज्य स्पर्धेचं सांगितलं नाही तर मैत्रिणी मला सोडणार नाहीत. सातवी इनिंग, दोन बाद, एका रननं मागं, तिसऱ्या बेसवर आपली रनर. आणि मी तिसरा स्ट्राइक, म्हणजे मारायलाच हवा होता असा बॉल, बघत उभी राहिले. तीन स्ट्राइक झाले की बाद. बॅट खांद्यावरून निघालीच नाही. मुलींचं पिचिंगचं, म्हणजे बॉल टाकण्याचं, अंतर तेव्हा चाळीस फूट होतं (आता त्रेचाळीस आहे), चांगली पिचर असेल तर बॉल हातातून सुटून येईपर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ. त्या अर्ध्या सेकंदात मी पेरं, गुडघे, वजन, टाच, कंबर असा सगळा पाढा म्हणत होते.

परतीच्या वाटेवर गाडी बदलायला मनमाडला उतरलो. रात्रीचे अडीच. कोणी माझ्याशी बोलत नव्हतं, आणि मीही कोणाशी नाही. सरांनी वर्तमानपत्राची गुंडाळी करून माझ्या हातात दिली आणि स्वतः चहाच्या कागदाचे बोळे करून फलाटावर समोर उभे राहिले. “मार.” लोक बघत होते, हमाल बघत होते. दहा-बारा बोळे मारल्यावर त्यांनी विचारलं, “आता कंबर कुठं होती?” मला सांगता येईना. “मग झालं की. सरावात कंबर बघायची. मॅचमध्ये ती आपली आपण येते. तिथं फक्त बॉल बघायचा.” त्या पराभवावर ते आयुष्यात एवढंच बोलले.

गेली अठरा वर्षं मी नाशिकजवळच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. मागच्या मोसमात माझ्या दोन मुली राज्य संघात होत्या, हे इथं लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहिलंच. आता मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करता येतं. मुलीचा स्विंग काढायचा आणि एकेक चित्र पुढं सरकवत दाखवायचं. कंबर आधी वळली की हात, ते कोणाला सांगावंच लागत नाही. त्यातच मला सरांची एक चूक सापडली. सर, रागावू नका. मागच्या चवड्याखाली विंचू आहे असं समजून तो जागच्या जागी चिरडायचा, असं तुम्ही शिकवायचात. मोठ्या खेळाडूंचं चित्रण पाहिलं तर बॉल लागतो त्या क्षणी त्यांच्या मागच्या पायावर जवळपास वजनच नसतं, कधी पाऊल पुढं घसटत येतं. विंचू चिरडत बसलं की वजन मागंच राहतं. त्यामुळे विंचू मी शिकवत नाही. आसूड शिकवते. आसुडाऐवजी सुती दोर असतो, कारण आजकालच्या आया माझ्या आईसारख्या नाहीत. त्या थेट शिक्षणाधिकाऱ्यांना फोन करतात.

१९९६ ला अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल पहिल्यांदा आला, तेव्हा सरांचं पोस्टकार्ड आलं होतं. चारच शब्द: ‘आपला खेळ पोचला बघ.’ २००८ नंतर खेळ ऑलिंपिकमधून गेला, टोकियोत परत आला, पॅरिसमध्ये पुन्हा नव्हता, आता २०२८ ला लॉस एंजलिसमध्ये आहे. पोस्टकार्डं मात्र आता येत नाहीत.

दिवाळीत शाळेत येऊन गेले. मैदानाच्या अर्ध्या भागात पेव्हर ब्लॉक बसलेत, तिसऱ्या बेसच्या जागी दुचाक्यांची शेड आहे. प्रयोगशाळेमागच्या भिंतीला नवं प्लास्टर आणि त्यावर सुविचार. छान दिसतंय, नाही असं नाही. पण साडेसहाला मैदानावर कोणी नव्हतं. साडेसहाला सगळे क्लासला असतात म्हणे. पालक विचारतात ते खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाचं आणि दहावीच्या वाढीव गुणांचं. मीही त्याच आरक्षणाच्या भरवशावर किती पोरींना मैदानावर आणलंय, तेव्हा मी काय बोलणार!

समितीला एक विनंती. सरांना मांडवात पहिल्या रांगेत बसवाल, तेव्हा उन्हाच्या बाजूला बसवू नका. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. कार्यक्रमाआधी अर्धा तास मैदानाचा उरलेला अर्धा भाग मला द्या. माझ्या तीन मुली घेऊन येतेय. सर त्यांचे हात बघणार नाहीत, पाय बघतील. त्यातली सगळ्यात धाकटी अजून पुढचं पाऊल हातभर लांब टाकते. कार्यक्रमाला सोळा दिवस आहेत.