तिसऱ्या घंटेनंतर

"नाटकात आहे, बोल," असे शेजारच्या गृहस्थांनी तोंडावर हात धरून, पण पुढच्या तीन रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात फोनवर सांगितले, तेव्हा रंगमंचावर नायिका नेमकी रडण्याच्या बेतात होती. पाहुण्यांना स्टँडवरून कोण आणणार, हेही मग आम्हा सर्वांना समजले.

तिसरी घंटा मला मनापासून आवडते. दिवे मंदावून कुजबुज विरत जाते, तेवढ्यातच निम्मे तिकीट वसूल होते. त्यानंतर वाजणाऱ्या प्रत्येक फोनचा मात्र मला तिटकारा आहे. (गोळीचा कागद सावकाश, कुरकुरत सोडणाऱ्यांचाही.)

मराठी नाटकाचे जनक मानल्या जाणाऱ्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' सादर केले, त्या सांगलीत फोन बंद ठेवण्याची सूचना आज दोनदा द्यावी लागते. तरीही तो वाजतो, तो विसरल्यामुळे, की सूचना इतरांसाठीच असते असे प्रत्येकाला वाटते म्हणून?