लेकीच्या बाळंतपणाला इंग्लंडात येणाऱ्या बेळगावकडच्या आयांसाठी

बहुतेक आया डिलिव्हरीची तारीख विचारतात आणि महिनाभर आधीचं विमान धरतात. इथे तो हिशोब चुकतो. पहिलटकरणीची तारीख उलटून चार-सहा दिवस गेले तरी कुणी घाई करत नाही. 41 आठवड्यांच्या सुमारास कळा आणण्याचा विषय निघतो. साधं बाळंतपण झालं तर बाळ-बाळंतीण दुसऱ्या दिवशी घरी येतात, कधी कधी त्याच संध्याकाळी. जावयाला बाळंतपणाची हक्काची रजा दोन आठवडे. ती संपली की सकाळी आठ ते संध्याकाळी सहा लेक आणि तान्हं बाळ, घरात तिसरं माणूस नाही. तुमची गरज लागते ती तेव्हा. पाहुण्यांच्या व्हिसावर एका वेळी सहा महिने राहता येतं, म्हणून तारखेच्या दहा-पंधरा दिवस आधी पोचा आणि पुढे निदान तीन महिने काढा. बारसं उरकून लगेच परत फिरणं म्हणजे जेवण वाढून ताटावरून उठवण्यासारखं आहे.

व्हिसाच्या कागदांत आपल्या भागाची एक वेगळी अडचण आहे. घराचा उतारा, पंचायतीचा दाखला, रेशन कार्ड, सगळं कन्नडमध्ये. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाला पूर्ण भाषांतर जोडावं लागतं आणि त्यावर भाषांतर करणाऱ्याचं नाव, सही, तारीख, संपर्क, शिवाय ‘भाषांतर अचूक आहे’ असं वाक्य लागतं. मराठी शाळेच्या दाखल्यालाही हाच नियम. सीमाप्रश्नात कुणाची बाजू खरी हे व्हिसाच्या अधिकाऱ्याला ठाऊक नसतं, त्याच्या लेखी दोन्ही भाषा सारख्याच परक्या. जुन्या कागदांवर ‘बेळगाम’ आणि 2014 च्या नामांतरानंतरच्या कागदांवर ‘बेळगावी’ असेल, तर दोन्ही एकच शहर आहे अशी ओळ अर्जासोबतच्या पत्रात घाला. येण्याचं कारण ‘कुटुंबाला भेट’ असंच लिहा. नातवंडाला सांभाळायला हरकत नाही, पण लेकीला नोकरीवर जाता यावं म्हणून बाळ सांभाळायला बिनपगारी बाई आणतोय असं दिसता कामा नये. स्वतःचा प्रवास विमा काढा, कारण पाहुण्यांना इथल्या सरकारी हॉस्पिटलात उपचारांचे पैसे पडतात. बीपी-शुगरच्या गोळ्या मुक्काम संपेपर्यंत पुरतील एवढ्या आणि चिठ्ठीसकट आणा.

आता बॅग. भारतातून दुधाचे पदार्थ आणायला इथे बंदी आहे, म्हणजे तूप, खवा, पेढे आणि दुर्दैवाने आपला कुंदासुद्धा. डिंकाच्या लाडवांत तूप असतंच, तेव्हा विमानतळावर वाद घालण्यापेक्षा डिंक, खारीक पूड, अळीव, सुंठ, बाळंतशोपा असं कोरडं साहित्य आणा. तूप इथल्या भारतीय दुकानात मिळतं. चाळीसेक लाडवांना डिंक 200 ग्रॅम, किसलेलं सुकं खोबरं, खारीक पूड आणि गूळ प्रत्येकी 400 ग्रॅम, तूप पाव किलोच्या थोडं वर, खसखस 50 ग्रॅम, सुंठ दोन चमचे. डिंक हरभऱ्याएवढा फोडून मध्यम आचेवर थोडा थोडा तळा. मोठे खडे बाहेरून फुलतात, आत कच्चे राहतात आणि दाताला चिकटतात. खरी फसगत होते ती गुळाच्या पाकाशी. इथल्या बऱ्याच घरांत विजेची शेगडी असते. बटण बंद केलं तरी तिची तबकडी बराच वेळ तापलेली राहते आणि पाक पुढे शिजत जातो. लाडू दगड होतात ते त्यामुळे. गूळ विरघळून कडेला बुडबुडे आले की पातेलं तबकडीवरून उचलून बाजूला ठेवा, मग कोरडं मिश्रण घाला.

हे लाडू करण्याआधी लेकीला एक विचारून घ्या: साखरेच्या तपासणीचं काय आलं? दक्षिण आशियाई घरच्या बायकांना इथे 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासायला सांगतात. गरोदरपणातला मधुमेह निघाला असेल तर ‘दोन जिवांची आहेस, खा’ हा आग्रह तिला रडवेल. डोहाळजेवणाच्या ताटात मग भात-पुरण कमी, उसळी, भाज्या, दही जास्त. ओटी भरा, हिरवी साडी नेसवा, फुलांचे दागिने घाला, त्यात काही अडत नाही.

कळांच्या वेळी बहुतेक ठिकाणी दोन माणसांना जवळ थांबता येतं, पण नियम त्या त्या हॉस्पिटलचा, आधी विचारा. जवळच्या माणसाच्या सोबतीने फरक पडतो, हे नुसतं म्हणण्यापुरतं नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात 26 अभ्यास आणि 15,000 हून जास्त बायकांची नोंद आहे: सतत सोबत असलेल्यांत नैसर्गिक प्रसूती जास्त, सिझेरियन कमी, कळांचा वेळही थोडा कमी. तर सोबत म्हणजे काय करायचं? कळ आली की तळहाताचा मनगटाजवळचा भाग कमरेच्या खाली, माकडहाडाच्या थोडा वर, घट्ट दाबून धरा. कळ ओसरली की सोडा. घोटभर पाणी द्या. तिला उभं राहायचं, चालायचं, गुडघ्यांवर ओणवं व्हायचं असेल तर होऊ द्या, ‘पलंगावर पड’ म्हणू नका. ‘जोर लाव’ हा शब्द मिडवाइफ (बाळंतपण करणारी शिकलेली सुईण) म्हणेपर्यंत गिळून ठेवा. गर्भाशयाचं तोंड पुरतं उघडण्याआधी जोर केला की बाई नुसती दमते. ओरडली तर ओरडू द्या, इथे कुणी रागावत नाही. वेदनेसाठी नळीतून ओढायचा गॅस, कोमट पाण्याचा टब, पाठीतलं इंजेक्शन असे पर्याय असतात. काय घ्यायचं हे तिलाच विचारतात. तुमच्याकडे किंवा जावयाकडे बघून कुणी होकार घेणार नाही.

बाळ झाल्यावर मांडीत दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनला काही आया बिचकतात. ते रक्तस्राव रोखायला असतं. याच कामासाठी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या उपयोगी पडतात हे दाखवणारा एक नावाजलेला अभ्यास आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत 1,620 बायकांवर झाला आणि 2006 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

घरी आल्यावर खटके उडतात ते शेगडी, उशी आणि घुटीवरून. कोळशाची शेगडी आणि ओव्या-वेखंडाची धुरी बंद घरात चालणार नाही. छताला लावलेला धुराचा भोंगा वाजेल ही लहान गोष्ट, कार्बन मोनॉक्साइड जमेल ही मोठी. इथे गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीतच नळीत फुंकायला लावून तो वायू मोजतात. शेक द्यायचाच तर गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून बाळंतिणीच्या कमरेला द्या. बाळाच्या खोलीचं तापमान 16 ते 20 अंश ठेवतात. आपल्याला ते गारठा वाटतं, पण बाळाला जास्त तापवणं हे झोपेत अचानक दगावण्याच्या कारणांशी जोडलेलं आहे. म्हणून घरात टोपडं नाही, मोहरीची उशी नाही, बाळ पाठीवर आणि आपल्या वेगळ्या पाळण्यात, सहा महिने आई-बापाच्याच खोलीत. कुंची बाहेर जाताना घाला, आत आल्यावर काढा. सहा महिन्यांपर्यंत फक्त दूध, म्हणजे सहाण उगाळायची नाही. मधाचं बोट तर वर्षभर नाही, त्यातल्या जंतूने बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. काजळात शिसं सापडतं, तेही नको. तेल लावायला मात्र तुम्हीच हव्यात. हलक्या हाताने, साधं खोबरेल, आणि नाळेच्या जागेवर तेल नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती उगाच रडेल. दूध उतरण्याचे आणि झोप उडण्याचे दिवस असतात, बहुतेकींचं दोन आठवड्यांत निवळतं. दोन आठवड्यांनंतरही रडू थांबत नसेल, बाळ झोपलेलं असूनही तिला झोप येत नसेल, ‘मी चांगली आई नाही’ असं बोलत असेल, तर दृष्ट काढा हवी तर, पण त्याच दिवशी डॉक्टरला फोन करायला लावा. जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलली किंवा भलतंसलतं दिसू-ऐकू लागलं, तर 999 या तातडीच्या नंबरावर फोन. घरी येणारी हेल्थ व्हिजिटर (बाळ-बाळंतिणीची विचारपूस करणारी नर्स) तिला मनाविषयी प्रश्न विचारते. तुम्ही समोर बसलात तर लेक ‘बरी आहे’ एवढंच म्हणेल. तेवढा वेळ चहा टाकायला आत जा. गरोदरपणातही एखाद्या भेटीत तुम्हाला आणि जावयाला बाहेर थांबायला सांगतील. घरात मारहाण, धाक आहे का, हे तिला एकटीला विचारायचं असतं, सगळ्यांनाच विचारतात. तो अपमान नव्हे. तुम्हाला स्वतःला काही विचारायचं असेल तर मराठी किंवा कन्नड दुभाषी मागा, पैसे पडत नाहीत.

बाराव्याला बारसं करायला काही अडचण नाही. इंग्लंडात जन्माची नोंद 42 दिवसांत करायची असते, म्हणजे पाळण्यात नाव ठेवून मग नोंदणी कचेरीत जाता येतं. स्कॉटलंडात मात्र मुदत 21 दिवसांचीच. नाव इंग्रजीत कसं लिहायचं ते पाळणा बांधण्याआधीच ठरवून ठेवा, तेच पुढे भारतीय पासपोर्टवर येतं. आई-बाप दोघेही भारतीय नागरिक असतील तर भारतीय दूतावासातली जन्मनोंद वर्षाच्या आत उरका.