जुना बग बंद करायच्या आधी एकदा करून तरी बघा

रविवारी सकाळी मिसळ खाऊन आलो की दोनेक तास मी सॉफ्टवेअरचे बग रिपोर्ट, म्हणजे वापरणाऱ्यांनी कळवलेल्या चुका, चाळत बसतो. कोड लिहायला आता तेवढा सलग वेळ मिळत नाही, पण हे जमतं. रिपोर्ट साचतात ते साचतातच, कारण कळवणारे भरपूर आणि तपासणारे चार-पाच जण, तेही नोकरी सांभाळून. मग दर काही महिन्यांनी कोणीतरी म्हणतं की वर्षभर हालचाल नसलेले सगळे रिपोर्ट बॉट (आपोआप काम करणारा प्रोग्राम) लावून बंद करून टाकू. मला हे अजिबात पटत नाही.

पंचवटीत ओळखीच्या एका काकांचं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, पाकिटांवरचे पत्ते वगैरे. त्यांनी मागे एका सॉफ्टवेअरचा बग कळवला होता, की यादीत 'कऱ्हाडे' शोधलं तर काही सापडतात, काही नाही. उत्तर आलं, आमच्याकडे नीट चालतंय, स्टेप्स द्या, म्हणजे काय काय केल्यावर चूक दिसते ते क्रमाने लिहा. काकांना स्टेप्स म्हणजे नेमकं काय द्यायचं तेच कळेना, ते गप्प बसले आणि बॉटने रिपोर्ट बंद केला. मी विषय काढला तर म्हणाले, "अरे, मी सांगितलं होतं की. त्यांना खरं वाटलं नाही बहुतेक."

एका संध्याकाळी दुकानात जाऊन बसलो. दोन ऑपरेटर, दोघांचे कीबोर्ड लेआउट वेगळे. एकजण ऱ टाईप करून हलंत आणि ह देतो, दुसरा साधा र, हलंत, मग न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर आणि ह. स्क्रीनवर दोन्ही 'ऱ्ह' हुबेहूब सारखे, पण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर प्रत्येक अक्षराला जो ठरलेला नंबर देतो त्यात, ऱ चा नंबर ०९३१ आणि र चा ०९३०, म्हणजे सर्चच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. तपासणाऱ्याने रिपोर्टमधला शब्द कॉपी करून फाईलमध्ये टाकला आणि तोच पेस्ट करून शोधला, मग सापडणारच ना! चूक त्याचीही नाही, त्याला मराठी येत नव्हतं. मी दोन्ही प्रकारचे शब्द असलेली छोटी फाईल जोडली, कोणता शब्द शोधायचा ते लिहिलं, रिपोर्ट परत उघडायला लावला.

जुने रिपोर्ट बंद करूच नका असं मी म्हणत नाही. लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये वर्षभर हात न लागलेल्या, कन्फर्म झालेल्या (दुसऱ्या कोणी तपासून खरा ठरवलेल्या) बगवर कळवणाऱ्यालाच विचारतात की नव्या व्हर्जनमध्ये परत तपासून सांगा, ही पद्धत मला आवडते. त्यातही गठ्ठे करून घ्यावेत. म्हणजे २०१७ च्या ५.३ व्हर्जनपासून तिथे सगळ्या प्लॅटफॉर्मवर अक्षरजुळणी हार्फबझ हे त्याच कामाचं सॉफ्टवेअर करायला लागलं, तर त्याआधीच्या 'जोडाक्षर तुटतं' छापाच्या तक्रारी एका बैठकीत काढून बघायच्या, जी गेली असेल ती कोणत्या व्हर्जनमध्ये तपासली ते लिहून बंद करायची. आणि आधी चालत होतं, आता बिघडलं अशी तक्रार असेल तर बायसेक्ट करा, म्हणजे मधली व्हर्जन तपासून दर वेळी निम्मे बदल बाद करत जा, हजार बदलांमधून बिघडवणारा बदल साधारण १० वेळा तपासून सापडतो, हे करायला कोडिंग यावंच लागतं असं नाही.

काकांचा रिपोर्ट आता कन्फर्म झालाय, दुरुस्ती अजून कोणी हातात घेतलेली नाही. तोवर दोन्ही ऑपरेटरना एकच लेआउट लावून दिलाय, जुन्या याद्यांत मात्र प्रत्येक 'कऱ्हाडे' दोनदा शोधावा लागतो.