हजार बार आणि वाट पाहणं

आज दिवसभर डेकेनवर (डिझेलमध्ये असतो तसा एक द्रव हायड्रोकार्बन) हजार बारपर्यंत दाब चढवत बसलो होतो, त्याची घनता आणि स्निग्धता (वाहायला होणारा विरोध) मोजायला. एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाएवढा. पंप सुरू केला की दाब लगेच चढतो, पण दाबलेला द्रव थोडा तापतो. तो पुन्हा २५ अंशांवर येऊन स्थिरावेपर्यंत घेतलेलं रीडिंग बिनकामाचं. म्हणजे निम्मं काम स्क्रीनकडे बघत बसण्याचंच!

घनतेसाठी कंप पावणारी बारीक यू आकाराची नळी असते. आतला द्रव जितका जड, तितका आवर्तकाळ (एका कंपनाला लागणारा वेळ) लांबतो. पण दाबाने नळीही किंचित फुगते, त्याचा हिशेब आधीच कॅलिब्रेशनमध्ये धरावा लागतो. स्निग्धतेची पद्धत मला जास्त आवडते: द्रवात बुडलेली, चुंबकीय क्षेत्रात ताणलेली टंगस्टनची तार छेडायची आणि कंपनं किती लवकर विरतात ते पाहायचं.

साध्या दाबाला डेकेनची घनता ७२६ किलो प्रति घनमीटरच्या आसपास. १००० बारला ती दहा टक्केही वाढत नाही, स्निग्धता मात्र दुपटीच्या वर! रेणू जरासेच जवळ येतात, पण सरकायला जागा उरत नाही. डिझेल इंजेक्टरमध्ये तर दाब २००० बारच्याही पुढे जातो.

उद्या हेक्झाडेकेन, डेकेनचाच लांब रेणूंचा भाऊबंद. एवढ्या दाबाखाली ते २५ अंशांना चक्क गोठतं, त्यामुळे तापमान वाढवूनच सुरुवात.