बर्फाचं गिरमिट आणि त्याची धार

माझा मामेभाऊ मिनेसोटात असतो. तिकडे हिवाळ्यात तळी गोठतात आणि लोक त्या बर्फावर चालत जाऊन, भोक पाडून, त्यात गळ सोडून मासे धरतात, व्हिडिओत बघितलं असेल तुम्ही. आता बहुतेक जण पेट्रोलचं नाहीतर बॅटरीचं मशीन वापरतात, पण याने जुन्या बाजारातून हाताने फिरवायचं गिरमिट घेतलं, स्वीडनच्या मोरा पद्धतीचं, सहा इंची भोक पाडणारं, आणि यंदा गड्ड्याच्या यात्रेला सोलापूरला आला तेव्हा ते सुटं करून बॅगेत घालून इथवर आणलं. "दादा, हे बर्फात शिरतच नाही, नुसतं वरून घसरतंय, तूच बघ काय झालंय ते." मला एवढा आनंद झाला ना ते हातात घेऊन!

आमच्या घरात सुतारकी. आप्पा हातमागाची लाकडी कामं करायचे, त्यांची गिरमिटं, पटाश्या, रंधे सगळं माझ्याकडे आहे आणि सगळं चालू आहे. लाकडाच्या गिरमिटाला टोकाला बारीक स्क्रू असतो, तो लाकडात शिरतो आणि बाकीच्याला खाली ओढतो, बाजूचे दोन दात गोल रेघ कापतात आणि मग आडव्या कडा लाकूड सोलून वर काढतात. रसेल जेनिंग्जने १८५५ साली पेटंट घेतलेली रचना साधारण अशीच, आजही तीच चालते. बर्फाच्या गिरमिटाला तो स्क्रूच नाही! खाली तिरकी बसवलेली दोन पाती, बस्स. म्हणजे ओढून घ्यायचं सगळं काम त्या पात्यांच्या धारेवर आणि कोनावर. लाकडाचं गिरमिट थोडं बोथट असलं तरी स्क्रूच्या जोरावर रडत रडत उतरतं, बर्फाचं मात्र उतरत नाही आणि माणूस वरून दाबत बसतो.

पाती काढून उन्हात धरली आणि लगेच दिसलं. आधीच्या मालकाने ती स्वयंपाकघरातल्या सुरीसारखी दोन्हीकडून घासली होती. या पात्याची एक बाजू पूर्ण सपाट आणि एकच बाजू उताराची असते, पटाशीसारखी. सपाट बाजू धारेपाशी गोल झाली की धार जाड होते, कोन बदलतो, मग कितीही चमकवा, पातं बर्फ सोलणार नाही. भाऊ म्हणाला, तिकडे एकाने ग्राइंडरवर मारून देतो म्हटलं होतं. बरं झालं दिलं नाही, कारण पातळ पातं ग्राइंडरवर निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला, मग धार टिकतच नाही.

मी काय केलं ते सविस्तर सांगतो, कारण ज्याच्याकडे असलं काही असेल त्याला उपयोग होईल. आधी सपाट बाजू ऑइल स्टोनवर, म्हणजे तेल टाकून धार लावायच्या दगडावर, पूर्ण टेकवून घासली, धारेच्या अगदी कडेपर्यंत एकसारखी चमक येईपर्यंत, याला वेळ लागतो आणि लागू द्यायचा. मग उताराची बाजू, मूळचा कोन जसा आहे तसाच धरून. कोन शोधायला मार्करने उतार काळा करायचा आणि दोन हात मारून बघायचं, काळं कुठून गेलं त्यावरून कळतं हात वर आहे की खाली. धारेवर बारीक बर, म्हणजे पोलादाची वळलेली कड, आली की सपाट बाजूवर हलकेच काढायची, शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर. आणि दोन्ही पात्यांना सारखंच घासायचं हं, कारण एक जास्त झिजलं की तेच एकटं कापतं, दुसरं नुसतं फिरतं आणि गिरमिट थरथरायला लागतं. पाती बदलायची तरी जोडीनेच बदलायची ती याचसाठी.

आता सोलापुरात बर्फ कुठला, इथे मे महिन्यात पारा ४३च्या वर जातो! पण बर्फाचा कारखाना आहे की ओ. लादी आणली, अंगणात पोत्यावर ठेवली, भावाने डावा हात वरच्या मुठीवर ठेवला, उजव्याने फिरवायला लागला, आणि पहिल्या फेऱ्यालाच खरवड निघायला लागली. मी सारखा ओरडत होतो दाबू नको बे, सरळ धर, नुसतं फिरव! आरपार गेलं. आपली लादी उन्हात ओली आणि मऊ पडते, तिकडचा बर्फ कोरडा आणि कडक, त्यामुळे खरी परीक्षा तळ्यावरच, पण पातं शिरतंय की घसरतंय हे तर कळलं.

सहा इंचीच घेतलं हे त्याने फार चांगलं केलं. आठ इंची भोकात जवळपास पावणेदोन पट बर्फ कापावा लागतो, हाताने फिरवणाऱ्याला ते जाणवतं. बाकी त्याला बजावून सांगितलंय, पात्यावर बर्फ चिकटला तर आपटून झाडायचं नाही, एका आपटण्यात धारेला खाच पडते, भोकातल्या पाण्यात बुडवून सोडवायचं. तळाशी आलं की हळू, कारण आरपार होताना पातं कडेला अडकतं. काम झालं की पुसून, तेलाचा हात फिरवून, पात्यांवर टोपण. आणि मुख्य म्हणजे बर्फ किती जाड आहे ते आधी बघ, तिकडचं सरकारी खातंच सांगतं की चालायला निदान चार इंच स्वच्छ बर्फ हवा आणि पांढरा असला तर दुप्पट. इथे त्याची आत्या, म्हणजे माझी आई, काळजी करत बसते.

त्याला आता चमच्यासारख्या खोलगट पात्याचं जुनं गिरमिट पण हवंय. ते सपाट दगडावर बसत नाही, गोल लाकडी दांड्याला पॉलिश पेपर गुंडाळून धार लावावी लागते. मिळालं की आधी पात्याचा फोटो माप धरून पाठव म्हटलंय, इथे सागवानाचा दांडा त्या गोलाईचा करून ठेवतो.