नर्मदेची डाळ, बोरिंगची डाळ

आमच्याकडे इंदूरला नर्मदा एक दिवसाआड येते, मधल्या दिवशी बोरिंग. आणि बोरिंगच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, कणी राहते, हे शेजारच्या आजी रोज एकदा तरी ऐकवतात. रविवारी त्यांचा नववीतला नातू म्हणाला, आजी काहीपण बोलते, पाणी म्हणजे पाणी. माझी दहावीतली भाची आलेलीच होती, म्हटलं भांडू नका, दोन पातेली घ्या.

कुकर मुद्दाम नाही दिला, आतलं काही दिसत नाही ना. एकाच पुड्यातली 100-100 ग्रॅम डाळ, अर्धा-अर्धा लिटर पाणी. 40 मिनिटांनी नर्मदेची मऊ, बोरिंगची कच्चट, पोरगा लगेच "आजी बरोबर यार" म्हणून मोकळा. भाची म्हणाली थांब, नर्मदेचं पातेलं मोठ्या बर्नरवर होतं! खरं सांगते, माझ्याही लक्षात आलं नव्हतं, आणि मी इतकी वर्षं सायन्सच्या ट्यूशन घेतेय.

मग एकाच बर्नरवर एकामागून एक, मोबाइलवर टायमर लावून. फरक कमी झाला पण गेला नाही.

आता पोरगा पेटला. घरातला टीडीएस मीटर (पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते दाखवणारा) आणला, नर्मदा 280, बोरिंग 850, म्हणे काकू सापडलं, टीडीएस जास्त म्हणून. मी विचारलं हे खोटं ठरवायचं तर काय करशील? बराच वेळ गप्प. मग स्वतःच नर्मदेच्या पाण्यात चिमूट-चिमूट मीठ घालत मीटर 850 वर आणला आणि त्यात डाळ लावली. मस्त शिजली! मीटर पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून आकडा काढतो, क्षार कोणता ते त्याला कळत नाही. डाळ अडवतात ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, दाण्यातल्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणाऱ्या पेक्टिनला धरून बसतात म्हणून दाणा फुटत नाही, आणि आपल्या माळव्याच्या काळ्या दगडात मुरलेलं पाणी हे क्षार घेऊनच वर येतं. पण हे मी मिठाच्या प्रयोगानंतर सांगितलं, आधी सांगितलं असतं तर वहीत लिहून घेतलं असतं आणि संपलं असतं.

शेवटी भाचीने खुसपट काढलं, की डाळ दाबून बघणाऱ्याला पातेलं कुठलं ते माहीत असतं, मग बोटंही तसंच सांगणार. म्हणून दोन्ही पाण्यांच्या तीन-तीन वाट्या, खाली नंबर, आणि परीक्षक आजी. "मला काय डोळे मिटायला लावता गं," करत त्यांनी सहा वाट्या दाबल्या, पाच बरोबर निघाल्या. एक बोरिंगची त्यांनी नर्मदेची सांगितली.

नातू सहा लिहायला निघाला होता, आजीचा मान म्हणून. भाचीने पेन काढून घेतलं. ती वाटी पातेल्याच्या तळातली होती का, यावर दोघं अजून वाद घालताहेत आणि आमच्याकडे बुधवारपर्यंत वरण आहे.