रंगाआधी पत्रा: आमच्या १९७८ च्या पद्मिनीचे काम

बाबांनी १९७८ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी अनेक वर्षे रत्नागिरीच्या घरी झाकून ठेवलेली होती, आणि ती पुन्हा रस्त्यावर आणण्याचे काम मी सध्या फावल्या वेळात करतो आहे. गाडी पाहायला येणारे बहुतेक जण रंग कोणता देणार हे पहिल्यांदा विचारतात. माझ्या मते रंगाचा विचार सर्वांत शेवटी करावा, कारण पद्मिनीसारख्या जुन्या फियाटचे भवितव्य तिच्या तळाच्या पत्र्यावर ठरते.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाडीची मूळ रचना १९५३ साली इटलीत आलेल्या फियाट ११००-१०३ ची आहे. तिला ट्रकसारखी वेगळी चासी, म्हणजे भार पेलणारी खालची लोखंडी चौकट, नाही. तळ, दारांखालच्या पोकळ पट्ट्या, खांब आणि छत हे सर्व मिळूनच तिचा सांगाडा होतो. त्यामुळे तळ गंजला की सांगाडाच कमकुवत होतो. कोकणातली खारट हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि रबरी मॅटखाली मुरलेली ओल यांनी आमच्या गाडीत नेमके तेच केले होते. वरून धड दिसणारा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचताच आत जात होता.

पत्राकाम करणाऱ्या चाचांनी कापायला सुरुवात करण्यापूर्वी प्रत्येक दार उघडून-मिटून पाहिले आणि दारांच्या चौकटींत लोखंडी आडवे टेकू जोडून घेतले. तळ कापल्यावर सांगाडा किंचित जरी खचला, तरी दारे पुन्हा नीट बसत नाहीत. त्यानंतर गंजलेला भाग निरोगी पत्रा लागेपर्यंत कापला, त्याच जाडीचा नवा पत्रा वेल्डिंगने जोडला आणि त्यावर गंज रोखणारे रेड ऑक्साइड मारले. गंजावर लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून वरून रंग देणे स्वस्त पडते खरे, पण लांबीखाली गंज वाढतच राहतो आणि ज्या पत्र्याने माणसांचा भार पेलायचा, तोच आतून संपतो.

पत्र्यानंतर ब्रेक. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, त्यामुळे उभ्या गाडीतही चाकांमधले ब्रेक दाबणारे व्हील सिलेंडर आतून गंजतात. ते सर्व मी नवे बसवले. १,०८९ सीसीचे इंजिन त्या मानाने समजूतदार आहे. प्लग, पॉइंट आणि कार्ब्युरेटर घरच्या घरी उघडता येतात, आणि मला या कामातला सर्वाधिक आनंद तिथेच मिळतो. मात्र आजच्या पेट्रोलमधले २० टक्क्यांपर्यंतचे इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारा घेतला.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावी लागते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळू शकतो, पण मग ती रोजच्या वापरात ठेवता येत नाही. आमच्या गाडीला २०२८ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण होतील. तो क्रमांक घ्यायचा की तिला रोजची गाडी म्हणून चालवायचे, यावर बाबांचे आणि माझे अजून एकमत झालेले नाही. तोवर काढलेला प्रत्येक मूळ सुटा भाग चिठ्ठी लावून जपून ठेवतो आहे.